पाटी कोणासाठी असते?

रायगड जिल्ह्यात १९८९ साली दोन गोष्टी घडल्या. उरण तालुक्यात न्हावा-शेवा येथे जवाहरलाल नेहरू बंदर सुरू झाले, आणि माणगाव तालुक्यात लोणेरे येथील डॉ. बाबासाहेब आंबेडकर तंत्रशास्त्र विद्यापीठाचा कायदा झाला. बंदर आणि विद्यापीठ यांत साम्य ते काय, असे कोणी विचारील. एक साम्य तर उघडच आहे. दोन्ही ठिकाणी सतत अनोळखी येणारे असतात. बंदरात परदेशी जहाजे येतात. विद्यापीठात दर वर्षी नवे विद्यार्थी, त्यांचे पालक, परीक्षक, पाहुणे येतात. या सर्वांना पूर्वी कधी न पाहिलेल्या जागेत नेमक्या ठिकाणी पोहोचायचे असते.

बंदराने या अनोळखी पाहुण्याची काय सोय केली आहे ते पाहू. मुंबईच्या बंदरक्षेत्रात शिरणाऱ्या जलमार्गाच्या दोन्ही कडांना बोये नांगरलेले असतात. समुद्राकडून बंदराकडे येताना तांबडे बोये डाव्या हाताला आणि हिरवे उजव्या हाताला. तांबड्याचा माथा सपाट, डब्यासारखा. हिरव्याचा निमुळता, शंकूसारखा. रात्री तांबड्यावर तांबडा आणि हिरव्यावर हिरवा दिवा लुकलुकतो. म्हणजे एकच निरोप तीन प्रकारे दिला आहे: रंगाने, आकाराने आणि दिव्याने. धुक्यात रंग कळला नाही तर आकार कळतो, अंधारात आकार दिसला नाही तर दिवा दिसतो.

हे नेहमीच असे नव्हते. १९७० च्या दशकापर्यंत जगात बोयांच्या तीसहून अधिक पद्धती होत्या आणि एका देशात 'डावी कड' सांगणारा रंग दुसऱ्या देशात 'उजवी कड' सांगत असे. त्यापायी अपघात होत. अखेर १९८० साली दीपगृहांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेत एकमत झाले आणि जगाचे दोन विभाग ठरले. भारत 'ए' विभागात येतो. मोठी जहाजे बंदरात शिरताना स्थानिक पायलट बरोबर घेतात, हे खरे. पण पायलट आहे म्हणून कोणी बोये काढून टाकत नाही.

आता विद्यापीठाचा विचार करू. समजा, श्रीवर्धनकडची एक मुलगी वडिलांबरोबर एस.टी.ने एखाद्या विद्यापीठात प्रवेशासाठी आली आहे. कागदपत्रे देण्याचा शेवटचा दिवस आहे. वडील मासेमारी करतात. किनाऱ्यावरच्या दोन खुणा एका रेषेत आणून भर समुद्रात जागा ओळखणारा हा माणूस. महामार्गावरच्या पाट्या वाचत दोघे फाटकापर्यंत नीट येतात, कारण त्या पाट्यांचे आकार, रंग व अक्षरे देशभर एका नियमाने ठरलेली आहेत. फाटकाच्या आत मात्र नियम संपतो. एका इमारतीवर निळी पाटी, दुसरीवर पितळी, तिसरीवर काहीच नाही. अर्जावर 'परीक्षा विभाग' लिहिलेले असते, दारावर 'परीक्षा नियंत्रक', आणि शिपाई सांगतो, "कंट्रोलरकडे जा." तिन्ही एकच, हे त्यांना कसे कळावे? समुद्रात न चुकणारा माणूस व्हरांड्यात चुकतो आणि दोष स्वतःलाच देतो. 'आपण अडाणी' असे त्याला वाटते. वास्तविक अडाणी असते ती पाटी.

येथे आम्हाला कोणा एका विद्यापीठाला नावे ठेवायची नाहीत. हे चित्र बहुतेक मोठ्या संस्थांत दिसते: जिल्हा रुग्णालयात, न्यायालयात, कधी कधी आपल्या शाळेतही. प्रश्न असा आहे की बोयांप्रमाणे पाट्यांचेही नियम ठरवता येतील काय? येतील. कारण पाटी वाचता येणे ही मोजता येणारी गोष्ट आहे.

अक्षर किती मोठे हवे?

डोळ्यांच्या डॉक्टरांकडे भिंतीवर अक्षरांचा तक्ता असतो. हा तक्ता हर्मन स्नेलन या डच नेत्रतज्ज्ञाने १८६२ साली तयार केला. त्यामागची कल्पना सोपी आहे. आपल्या डोळ्याला दोन रेषा वेगळ्या दिसण्यासाठी त्यांच्यात साधारण एका कलेचे, म्हणजे अंशाच्या साठाव्या भागाइतके कोनीय अंतर लागते. इंग्रजी 'ई' या अक्षरात तीन आडव्या रेघा आणि त्यांच्यामधल्या दोन मोकळ्या जागा असे पाच पट्टे असतात. प्रत्येक पट्ट्याला एक कला, म्हणजे पूर्ण अक्षराला पाच कला.

आता दहावीचे त्रिकोणमिती उपयोगी पडेल. पाच कलांच्या कोनाची स्पर्शिका सुमारे ०.००१४५ आहे. म्हणून ६ मीटरवर अक्षराची उंची ८.७ मि.मी. हवी आणि १० मीटरवर १४.५ मि.मी.

पण ही झाली डोळ्याची शेवटची मर्यादा. निरोगी डोळ्याने, चांगल्या उजेडात, एका जागी उभे राहून, थोडे ताणून वाचले तर. चालता चालता, घाईत, कमी उजेडात, साठीच्या डोळ्यांनी वाचायचे तर याच्या दुप्पट-तिप्पट मोठे अक्षर लागते. म्हणून व्यवहारात वापरले जाणारे ठोकताळे अंतराच्या तीनशेव्या ते दोनशेव्या भागाच्या आसपास असतात. दोनशेवा भाग धरला तर हिशेब तोंडी करता येतो: जितके मीटर अंतर, त्याच्या पाचपट मिलिमीटर अक्षर. व्हरांड्यात ३ मीटरवरून वाचायच्या दारावरच्या पाटीला १५ मि.मी., जिन्यासमोर १० मीटरवरून वाचायच्या फलकाला ५० मि.मी., आणि ४० मीटरवरून ओळखायच्या इमारतीच्या नावाला २०० मि.मी.

देवनागरीचे वेगळेपण

हे ठोकताळे मुख्यतः रोमन लिपीवरून बसवलेले आहेत. ते देवनागरीला जसेच्या तसे लावले तर फसगत होते. त्याची कारणे तीन.

पहिले कारण उंचीचे. रोमन लिपीत मोठ्या लिपीतले सगळे वर्ण एकाच उंचीत बसतात. देवनागरीत शिरोरेषेच्या वर वेलांटी, मात्रा, रफार, अनुस्वार आणि खाली उकार, ऋकार असतात. संगणकावर दोन्ही लिप्यांना सारखाच आकार दिला तरी ही जागा सोडावी लागत असल्याने मराठी अक्षराचा गाभा, म्हणजे शिरोरेषेपासून पायापर्यंतचा भाग, पुष्कळदा शेजारच्या इंग्रजी अक्षरापेक्षा लहान भरतो. महाराष्ट्रात दुकानांच्या पाट्यांविषयीच्या कायद्यात २०२२ साली दुरुस्ती होऊन मराठी अक्षरे इतर लिपीतल्या अक्षरांपेक्षा लहान नसावीत, असे ठरले. हा नियम प्रामाणिकपणे पाळायचा तर पट्टी या गाभ्याला लावायला हवी. संगणकावरचा आकडा सारखा असून भागत नाही.

दुसरे कारण गुंतागुंतीचे. 'विद्यार्थी' हा शब्द पाहा. त्यात 'द्य' हे जोडाक्षर आहे, आणि शेवटच्या अक्षरावर वेलांटी व रफार एकाच ठिकाणी आले आहेत. 'ई'मध्ये आपण पाच पट्टे मोजले. येथे तेवढ्याच उंचीत त्याहून अधिक रेघा आणि त्यांच्यातल्या अधिक मोकळ्या जागा दाटीने बसवाव्या लागतात. म्हणून रोमन अक्षराला पुरेल एवढी उंची देवनागरीला अपुरी पडते. वरचा दोनशेव्या भागाचा नियम देवनागरीच्या गाभ्याला लावावा, असे आम्ही सुचवू.

तिसरे कारण सारखेपणाचे. 'घ' आणि 'ध', 'म' आणि 'भ', 'य' आणि 'थ' या जोड्या लिहून पाहा. ध, भ आणि थ यांच्यात डोक्यावरची रेषा डावीकडे तुटते आणि तेथे छोटी गाठ असते. ओळख पटते ती या एवढ्याशा फटीमुळे आणि गाठीमुळे. अॅक्रिलिकची अक्षरे कापणारा कारागीर पुष्कळदा सोयीसाठी वरची पट्टी अखंड ठेवतो. मग 'भांडार'चे 'मांडार' आणि 'ग्रंथालय'चे 'ग्रंयालय' होते. ज्याला शब्द आधीच ठाऊक आहे तो सवयीने बरोबर वाचतो. नवख्याला तो अडतो. पाटी करायला देताना ही फट अक्षराच्या रेघेच्या जाडीइतकी तरी राखावी, एवढी सूचना दिली तरी पुरे.

आकड्यांतही अशीच एक गंमत आहे. देवनागरी '१' हा इंग्रजी नवाच्या आकड्यासारखा दिसतो आणि '५' हा इंग्रजी चारासारखा. म्हणून खोल्यांचे क्रमांक एका इमारतीत एका लिपीत आणि शेजारच्या इमारतीत दुसऱ्या लिपीत असे करू नये. दोन्ही लिप्या हव्या असल्या तर प्रत्येक पाटीवर दोन्ही, आणि ठरलेल्या क्रमानेच द्याव्यात.

रंग आणि उजेड

'पाटीला कोणता रंग छान दिसेल?' हा प्रश्न सर्वजण विचारतात. खरा प्रश्न वेगळा आहे: अक्षर आणि त्यामागची पार्श्वभूमी यांच्या उजळपणात फरक किती? पृष्ठभागावर पडलेल्या प्रकाशापैकी किती टक्के परत येतो ते मोजता येते. मोठ्या आकड्यातून लहान वजा करून उत्तराला मोठ्या आकड्याने भागले की फरकाचे प्रमाण मिळते. समजा, पांढरा रंग ८० टक्के आणि गडद निळा ८ टक्के प्रकाश परतवतो. तर फरक ९० टक्के. तोच पांढऱ्यावर ५० टक्के परतवणारा करडा रंग वापरला तर फरक ४० टक्क्यांच्याही खाली जातो. हा फरक निदान ७० टक्के असावा, असा संकेत आहे. चकचकीत पितळी पाटीवर तर हा फरक दिव्याच्या जागेप्रमाणे बदलतो. अक्षरांऐवजी समोरच्या खिडकीचे प्रतिबिंब दिसू लागते.

कोकणात आणखी एक गोष्ट लक्षात घ्यावी लागते. आषाढात भर दुपारी आभाळ काळे होते, वीज जाते आणि लांब व्हरांडे अंधारून येतात. अशा वेळी आपल्या डोळ्यात एक बदल होतो. उजेडात काम करणाऱ्या शंकुपेशींची मदार कमी होते आणि मंद प्रकाशात काम करणाऱ्या दंडपेशी पुढे येतात. शंकुपेशी एकंदरीत ५५५ नॅनोमीटरच्या पिवळसर हिरव्या प्रकाशाला सर्वांत संवेदनशील असतात, तर दंडपेशी ५०७ नॅनोमीटरच्या निळसर हिरव्या प्रकाशाला. तांबडा प्रकाश दंडपेशींना जवळजवळ जाणवत नाही. परिणामी संधिप्रकाशात तांबडे फूल काळे पडल्यासारखे दिसते आणि हिरवी पाने उजळ राहतात. पुर्किन्ये या बोहेमियन शास्त्रज्ञाने एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात हे टिपले. म्हणून निळ्या पाटीवरची तांबडी अक्षरे उन्हात उठून दिसली तरी अंधारल्यावर नाहीशी होतात. शिवाय दंडपेशींना बारकावे दिसत नाहीत, म्हणजे त्याच वेळी मोठ्या अक्षरांची गरजही वाढते. संकटकाळी बाहेर पडण्याच्या वाटेवरचा पळणाऱ्या माणसाचा फलक जगभर बहुतेक ठिकाणी हिरवा असतो. हिरवा म्हणजे सुरक्षित, हा संकेत त्यामागे आहेच. पण मंद उजेडात तो रंग डोळ्याला सोयीचाही पडतो.

खाऱ्या हवेचाही विचार हवा. लोखंडी खिळ्याने ठोकलेली पाटी दोन पावसाळ्यांत गंजाचे ओघळ अक्षरांवर आणते. कागद चिकटवलेली पाटी तर एका पावसाळ्यात बुरसते. स्टेनलेस स्टीलचे स्क्रू थोडे महाग पडतात, पण पाटीच्या आयुष्यात ती किंमत भरून येते.

पाटी कोठे लावावी?

'वाट शोधणे' या अर्थाचा इंग्रजी शब्द नगररचनाकार केव्हिन लिंच यांनी १९६० साली आपल्या पुस्तकात वापरला. लोक शहराचे चित्र मनात कसे रचतात याचा अभ्यास करून त्यांनी वाटा, कडा, विभाग, नाके आणि ठळक खुणा असे त्याचे पाच घटक सांगितले. यातले नाके पाट्यांच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचे. जेथे 'डावीकडे की उजवीकडे?' असा निर्णय घ्यावा लागतो, तेथे पाटी हवी. सरळ व्हरांड्यात दहा पाट्या लावून जिन्याच्या तोंडाशी एकही न लावणे हे व्यर्थ आहे.

लावण्याच्या कोनाचाही प्रश्न आहे. दारावर सपाट ठोकलेली पाटी व्हरांड्यातून चालणाऱ्याला तिरकी दिसते. पाटीच्या पृष्ठभागाशी नजरेचा कोन ३० अंश असेल तर अक्षरांची रुंदी निम्मीच दिसते, कारण ३० अंशांची ज्या १/२ आहे. कोन आणखी लहान झाला की अक्षरे रेघोट्यांसारखी होतात. म्हणून विभागाचे नाव भिंतीतून काटकोनात पुढे आलेल्या पाटीवर असावे. मात्र तिची खालची कड निदान २.१ मीटर उंच हवी, नाहीतर कपाळमोक्ष ठरलेला!

फाटकाजवळ 'आपण येथे आहात' असा नकाशा असतो. तो बहुधा उत्तर दिशा वर धरून छापलेला असतो. मार्विन लेव्हिन या मानसशास्त्रज्ञाने १९८२ साली दाखवले की असा नकाशा वाचणाऱ्याच्या समोरची दिशा वर असेल तरच पटकन उपयोगी पडतो. उलटा असेल तर माणसे सरळ चुकीच्या दिशेने निघतात. म्हणजे एकच नकाशा चार ठिकाणी चार प्रकारे फिरवून लावायला हवा.

हल्ली मोबाइलवर नकाशा असताना पाट्या कशाला, असेही विचारले जाते. उपग्रहांचे संकेत काँक्रीटच्या छपराखाली नीट पोहोचत नाहीत. मोबाइल इमारतीच्या दारापर्यंत आणून सोडतो. तिसऱ्या मजल्यावरची खोली शोधायला पाटीच लागते.

नाव, पद आणि क्रमांक

दारावरच्या पाटीत तीन प्रकारची माहिती असते. खोलीचा क्रमांक पन्नास वर्षे बदलत नाही. विभागाचे नाव दहा-वीस वर्षांनी बदलते. अधिकाऱ्याचे नाव दोन-तीन वर्षांनी बदलते. पण पुष्कळ ठिकाणी या तिन्हींतले सर्वांत अल्पायुषी, ते सर्वांत मोठ्या आणि पितळी अक्षरांत, पदव्यांसह कोरलेले असते, आणि क्रमांक चौकटीवर खडूने. बोयावर बंदराच्या अध्यक्षांचे नाव कधी नसते, हे येथे आठवावे.

यावर उपाय साधा आहे. क्रमांक पक्का, मोठा आणि उठावाचा. त्याखाली कामाचे नाव, म्हणजे येथे काय होते ते. आणि व्यक्तीचे नाव सरकत्या पट्टीवर, बदलता येईल असे. कामाचे नाव अर्जावर, पावतीवर, संकेतस्थळावर आणि दारावर अक्षरशः एकच असावे.

क्रमांकालाही रीत हवी. '२१४' म्हणजे दुसऱ्या मजल्यावरची चौदावी खोली. तळमजल्याला शून्य द्यावे, कारण आपला पहिला मजला अमेरिकेत दुसरा होतो. एका बाजूला विषम, दुसऱ्या बाजूला सम क्रमांक ठेवले की पहिली खोली पाहताच आपण कोणत्या दिशेने जात आहोत ते कळते.

बोटांनी वाचायची पाटी

अपंग व्यक्तींच्या हक्कांचा २०१६ चा कायदा एप्रिल २०१७ पासून लागू झाला. सार्वजनिक इमारतीत सर्वांना वावरता आले पाहिजे, हे त्यात बंधनकारक आहे. भारतीय भाषांसाठी 'भारती ब्रेल' १९५१ पासून आहे आणि मराठी ब्रेल त्यातच लिहिली जाते. पण ब्रेल लावली म्हणजे झाले, असे नाही. दिसत नसलेल्या माणसाने ती शोधायची कोठे? म्हणून जागा ठरलेली हवी: दाराच्या फळीवर नव्हे, तर कडीच्या बाजूच्या भिंतीवर, जमिनीपासून सुमारे १.२ ते १.५ मीटरवर. दाराच्या फळीवर लावली तर चाचपताना दार अंगावर उघडते, आणि दार उघडे राहिले की पाटीच गायब होते. या एका बदलाने डोळस माणसाचीही सोय होते. एकच निरोप डोळ्यांना आणि बोटांना, हे तत्त्व बोयाचेच.

शाळेत करून पाहा

हा सगळा अभ्यास आपल्या शाळेत एका आठवड्यात करता येईल.

१. शेजारच्या शाळेतल्या, आपली शाळा न पाहिलेल्या विद्यार्थ्याला बोलवा. 'कोणालाही न विचारता प्रयोगशाळेत जा' एवढेच सांगा. तो जेथे जेथे थबकेल तेथे मागून येणाऱ्या मुलांनी खडूने फुली मारावी. फुल्या पडल्या तेथे पाट्या हव्यात.

२. प्रत्येक पाटीच्या अक्षराचा गाभा मि.मी.मध्ये मोजा आणि ती वाचता येते ते सर्वांत जास्त अंतर मीटरमध्ये मोजा. आजी-आजोबांकडूनही वाचून घ्या. आलेख काढा. पाच पटीचा नियम कितपत टिकतो ते पाहा आणि 'ग्रंथालय', 'विद्यार्थी', 'नळ' अशा शब्दांची तुलना करा.

३. पाटीचे मोबाइलवर छायाचित्र घेऊन ते कृष्णधवल करा. अक्षरे पुसट झाली तर रंगांची जोडी चुकली.

४. संध्याकाळी दिवे लावण्यापूर्वी त्याच पाट्या पुन्हा वाचा.

निष्कर्ष मुख्याध्यापकांपुढे ठेवा. पाट्या नव्याने रंगवण्यास फारसा खर्च येत नाही, आणि मुलांनी मोजलेल्या आकड्यांना नाही म्हणणे अवघड असते.

बंदरात, विद्यापीठात आणि शाळेत कसोटी एकच आहे. पाटी चांगली की वाईट, हे ती लावणाऱ्याने ठरवायचे नसते. ज्याला ठिकाण आधीच माहीत आहे त्याला पाटी लागतच नाही. जो पहिल्यांदा आला आहे, ज्याला विचारायला संकोच वाटतो, ज्याला नीट दिसत नाही, तो न अडखळता पोहोचला, तर पाटी बरोबर आहे.